चित्रशाळेंतील वर्गकाम

कलेचा इतिहास लिहिणारे बहुधा गाजलेल्या कृतींपासून आरंभ करतात. चित्रकार कोण, त्याचा आश्रयदाता कोण, चित्र कोणत्या राजवाड्यांत अथवा संग्रहालयांत आहे, एवढें सांगितलें म्हणजे त्या चित्राचा इतिहास पुरा झाला अशी समजूत दिसते. परंतु प्रत्येक चित्रकाराच्या पाठीमागें कागदांचा एक मोठा ढीग असतो व त्याची दाद कोणी घेत नाहीं. तीं त्याचीं वर्गांतलीं कामें. शिक्षकानें विषय द्यावा, मुदत ठरवून द्यावी, विद्यार्थ्यानें काम पुरें करून पुढें ठेवावें, त्यावर तांबड्या पेन्सिलीनें गुण पडावे, आणि वर्ष सरलें म्हणजे तो कागद रद्दींत जावा, हा क्रम मुंबईंत दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

आम्हीही एकेकाळीं या क्रमांतून गेलों आहों. हातावेगळें केलेलें काम टेबलावर ठेवतांना आमच्या मनांत नेहमीं एक शंका येई, कीं हें जें आम्ही केलें तें आमचें कीं शिक्षकांचें? विषय त्यांचा, माप त्यांचें, साधनें त्यांनीं सांगितलेलीं. हात तेवढा आमचा. नुसता हात आपला असल्यानें काम आपलें होतें काय? ही शंका एकट्यादुकट्या विद्यार्थ्याची नव्हे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा इतिहास नीट पाहिला तर तेथील प्रत्येक पिढीपुढें हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहिलेला दिसतो. म्हणून त्या शाळेंतील थोरामोठ्यांचीं चरित्रें बाजूस ठेवून, केवळ तेथील वर्गकामाचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

सर जमशेटजींनीं १८५३ सालीं या शाळेसाठीं १ लाख रुपये देऊं केले, आणि २ मार्च १८५७ रोजीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. देणगीचा हेतु चित्रकार निर्माण करण्याचा नव्हता. देशी कारागिरांचा हात सुधारावा व उद्योगधंद्यांस चालना मिळावी, हा होता. शिक्षणपद्धति लंडनच्या साउथ केन्झिंग्टनहून आलेली. तींत पायऱ्या आंखून दिलेल्या होत्या. आधीं सरळ व वक्र रेषा, मग छापील नमुन्यांवरून वेलबुट्टी, मग भूमिति व यथार्थदर्शन, आणि त्यानंतर प्लॅस्टरच्या मूर्तींवरून छायाप्रकाश. या मूर्ति ग्रीस व रोम येथील शिल्पांच्या प्रतिकृति असत. समुद्रापलीकडे हाकेच्या अंतरावर घारापुरीचीं लेणीं उभीं असतां, ज्या देवतांचें नांवही घरांत कधीं कोणीं घेतलें नाहीं त्यांचीं नाकें व पापण्या गिरगांवांतल्या मुलांनीं महिनोन्‌महिने रेखाटाव्या, हा प्रकार आज चमत्कारिक वाटतो.

तरी या पद्धतीची केवळ चेष्टा करणें न्यायाचें होणार नाहीं. पांढऱ्या मूर्तीवर रंग नसल्यामुळें डोळ्यास पळवाट राहत नाहीं. उजेड कोठें संपतो व अंधार कोठें लागतो, एवढेंच पाहावें लागतें. कोळशानें छाया भरावी, पावाच्या मऊ गरानें ती उचलावी, पुन्हा भरावी, असें आठवडे दोन आठवडे केल्यावर हातापेक्षां डोळा अधिक शिकतो. हें शिक्षण खरें होतें. उणीव होती ती निराळ्या जागीं. या सर्व पायऱ्यांत, 'तुला काय दिसलें?' असा प्रश्न शिक्षक पदोपदीं करी. 'तुला काय वाटलें?' हा प्रश्न मात्र कोणत्याच पायरीवर नव्हता.

१८६५ सालीं जॉन लॉकवुड किप्लिंग व जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक मुंबईस आले, आणि शाळेंत शोभाचित्रण, वास्तुशिल्प व शोभिवंत लोहकाम अशा तीन कार्यशाळा सुरू झाल्या. मुंबईच्या किल्ल्याचे तट नुकतेच पाडले गेले होते व मोकळ्या झालेल्या जागेवर नवें शहर उठत होतें. इमारतींना दगडी पानें, फुलें, पक्षी, जाळ्या व कठडे हवे होते. अशा रीतीनें वर्गाच्या चार भिंतींतून वर्गकाम रस्त्यावर आलें. १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या (आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या) प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांच्या देखाव्याची जी शिल्पपट्टी आहे, तिची योजना किप्लिंग यांची. पुढें १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत व्हिक्टोरिया टर्मिनस उभें राहिलें, तेव्हां तेथील जिन्यांचे कठडे व तिकिटघरांच्या लोखंडी-पितळी जाळ्या यांचें शोभाकाम याच शाळेंतील विद्यार्थ्यांकडून करविण्यांत आलें.

या घटनेचा अर्थ वाचकांनीं जरा थांबून ध्यानीं घ्यावा. शिकाऊ मुलांचें काम म्हणजे फाटक्या वहींतलें काम, असा आपला समज आहे. येथें तर तें एका साम्राज्याच्या सर्वांत दिमाखाच्या स्थानकांत बसविलें गेलें, आणि तेव्हांपासून कोट्यवधि उतारू त्याच्याजवळून गेले आहेत. २००४ सालीं ही इमारत जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचें नांव पुस्तकांत आहे. पण ज्यांनीं त्या जाळ्या घडविल्या त्यांचीं नांवें प्रवाशांस ठाऊक नाहींत. आमचा रोख केवळ कृतघ्नतेवर नाहीं. ज्या कामांत करणाऱ्याच्या निर्णयाला जागा नव्हती, त्या कामावर नांव घालण्याची आवश्यकता कोणासच वाटली नाहीं, हें आम्हांस दाखवावयाचें आहे. नांव हें निर्णयाच्या मागोमाग येतें. जाळींतील वेल कोणत्या बाजूस वळावी हें जो ठरवितो, जाळी त्याची समजली जाते.

याच काळांत या शाळेनें हातीं घेतलेलें सर्वांत मोठें वर्गकाम म्हणजे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला. मेजर रॉबर्ट गिल यांनीं पूर्वीं मोठ्या कष्टानें केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें ठेवल्या होत्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ च्या आगींत जळाल्या. तेव्हां पुन्हा नकला करण्याचें ठरलें व १८७२ पासून ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊं लागले. मध्यंतरीं खंड पडला, तरी १८८५ पर्यंत हें काम चाललें. लेण्यांतला अंधार, वटवाघळें, घाटांतील हिंवताप आणि भिंतीवरून निसटूं पाहणारा गिलावा, अशा स्थितींत त्या तरुणांनीं सुमारें ३०० कापडी पट रंगविले. त्यांचे अग्रणी पेस्तनजी बोमनजी हे होते. हे पट इंग्लंडास रवाना झाले, आणि दैवदुर्विलास असा कीं, १८८५ सालीं साउथ केन्झिंग्टन येथें लागलेल्या आगींत त्यांचाही मोठा भाग नष्ट झाला. उरलेल्यांच्या आधारें ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ सालीं प्रसिद्ध झाला, व अजिंठा जगाच्या दृष्टीस पडला. नकला करतांना मूळ चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून भिंतींवर वार्निश देण्यांत येई. त्या वार्निशानें पुढें मूळ चित्रांचीच हानि केली, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

आतां असा विचार मनांत येतो: ज्या तरुणांनीं अजिंठ्याच्या पद्मपाणीसमोर ऋतूमागून ऋतू घालविले, त्यांच्या स्वतःच्या चित्रांवर त्याचा परिणाम काय झाला? पेस्तनजी बोमनजी पुढें नामांकित चित्रकार झाले. पारशी कुटुंबांतील वडीलधारीं माणसें, घरगुती प्रसंग, यांचीं त्यांनीं काढलेलीं तैलचित्रें फार सुंदर आहेत. परंतु त्यांची रीत युरोपीय वास्तवदर्शनाची, अजिंठ्याची नव्हे. उलट १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृति तरुण याच लेण्यांत याच कामासाठीं आले. त्यांच्याही हातून नकलाच झाल्या. पण परत गेल्यावर त्यांची रेषा बदलली, व पुढें नंदलालांनीं शांतिनिकेतनांत जी चित्रपरंपरा उभारली तिच्यांत अजिंठा वारंवार डोकावतो.

भिंत तीच, काम तेंच. मग फळ निराळें कां? बुद्धीची उणीव मुंबईकडे खास नव्हती. भेद होता तो काम सांगणाऱ्यांच्या अपेक्षेंत. मुंबईच्या मुलांकडून नकल पोहोंचती झाली कीं काम संपलें. संग्रहालयास पट हवे होते, ते मिळाले. कलकत्त्याच्या मुलांना त्यांचे गुरु अवनींद्रनाथ यांनीं पाठविलें, तें तेथून कांहीं घेऊन या म्हणून. नकल ही पहिल्यांच्या बाबतींत शेवट होती, दुसऱ्यांच्या बाबतींत सुरुवात. आमच्या मतें वर्गकामाच्या साऱ्या इतिहासाचें सार या एका वाक्यांत आहे.

मुंबईच्या शाळेंतही या नियमाला अपवाद घडले व ते मोठ्या मानाचे आहेत. १८९६ च्या सुमारास गणपतराव म्हात्रे यांनीं तारुण्याच्या अगदीं आरंभीं 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा केला. पूजेसाठीं देवळाकडे निघालेली महाराष्ट्रीय तरुणी, एवढाच विषय. प्लॅस्टरच्या ग्रीक मूर्तींपुढें बसून शिकलेली चुणीदार वस्त्रांची सर्व विद्या त्यांत आहे. पण ती विद्या येथें लुगड्याच्या निऱ्यांसाठीं राबली आहे. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं केवळ छायाचित्र पाहून या कृतीची मुक्तकंठानें स्तुति केली. ज्या पद्धतीस आपण परकी म्हणून नांवें ठेवतों, तिच्याच पायऱ्या चढून एका मराठी मुलानें आपल्या आळींतील बाई दगडमातीच्या देवतांच्या पंक्तीस नेऊन बसविली. पद्धतीनें त्याला तसें करण्यास सांगितलें नव्हतें, त्यानें केलें.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांची गोष्ट याच्याच शेजारची. ते १८९० सालीं शाळेंत आले, १८९५ सालीं त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें, १८९६ पासून ते तेथेंच शिकवूं लागले व १९३१ पर्यंत त्या शाळेशीं एकजीव राहिले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें आत्मवृत्त १९४० सालीं निघालें. चित्रशाळेंतील रोजच्या कामकाजाविषयीं मराठींत इतकें जिव्हाळ्यानें लिहिलेलें पुस्तक विरळा. शिक्षक काय म्हणाले, बक्षीस कशास मिळालें, या बारीकसारीक गोष्टी जो इतक्या वर्षांनीं लिहितो, त्याच्या दृष्टीनें वर्गकाम रद्दी नव्हतें हें उघड आहे.

येथें आमच्या स्वतःच्या अनुभवाचे दोन शब्द लिहिल्यास अप्रस्तुत होणार नाहीं. आम्ही ज्या शाळेंत शिकलों तेथेंही आधीं अनुकरण व मग रचना, असाच क्रम होता. वस्तुचित्रांत आम्ही कुशल झालों; तांब्या, वांगीं व घडी पडलेला टॉवेल यांत आम्हांस कांहीं अवघड उरलें नाहीं. मग एके दिवशीं रचनेसाठीं 'पाणवठा' हा विषय मिळाला. वर्गांतील तीस जणांनीं तीस पाणवठे काढले. विशेष हें कीं, त्यांपैकीं बहुतेकांत कमरेवर घागर घेतलेली तीच बाई व तोच पिंपळ होता, कारण तीं दोन्हीं आम्हीं छापील चित्रांत पाहिलीं होतीं. एकाच मुलानें चाळींतला सार्वजनिक नळ, त्याच्यापुढें लागलेली डबड्यांची रांग आणि रांगेंत उभें न राहतां आपलें डबडें तेवढें उभें करून गेलेलीं माणसें काढलीं. म्हणजे माणसें नव्हतीं, नुसतीं डबडीं होतीं. त्याची रेषा आमच्यापैकीं कित्येकांहून कच्ची होती. पण तें चित्र त्याचें होतें, याविषयीं वर्गांत कोणासच शंका राहिली नाहीं. शिक्षकांनींही तें फळ्यावर लावलें व बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. विषय शिक्षकांचाच होता, कागदाचें माप त्यांचेंच होतें. निर्णय तेवढा त्या मुलाचा होता.

मुंबईच्या शाळेनें हा प्रश्न बुद्धिपुरःसर हातीं घेतला तो ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत, १९१९ नंतर. त्यांनीं दोन गोष्टी केल्या. एक, जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास करण्याचा वर्ग वाढविला; दुसरी, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्यानें भित्तिचित्रांचा वर्ग काढला. या वर्गांत विद्यार्थ्यांनीं केवळ परीक्षेसाठीं नव्हे, तर खऱ्या भिंतीसाठीं रचना करावयाची असे. १९२४ सालीं वेम्ब्ली येथें भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनासाठीं शाळेनें एक संपूर्ण 'भारतीय दालन' सजवून पाठविलें; त्यांतील रंगविलेलें छत, कोरीवकाम, मूर्ति, सारें शाळेंतच तयार झालेलें. पुढें १९२८-२९ सालीं नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या दालनांत मुंबईच्या कलावंतांनीं मोठमोठीं चित्रें रंगविलीं. धुरंधरांसारखे मुरलेले शिक्षक व नगरकर, अहिवासी यांसारखे नव्या पिढीचे कलावंत त्या कामांत होते. या खेपेस त्यांचीं नांवें चित्रांबरोबर नोंदलीं गेलीं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या जाळ्यांपासून येथपर्यंत चाळीस वर्षें लागलीं.

या कामांवरही टीका झाली व ती सर्वस्वीं चुकीची नव्हती. बंगाली टीकाकारांस त्यांतील पाश्चात्य शरीरज्ञान खुपलें. इतरांस सरकारी भिंत रंगविण्यांत सरकारी भाटपणा दिसला. विषय पुष्कळदां वरून आलेले होते, हें खरें. परंतु विषय वरून आला म्हणून निर्मिति होत नाहीं, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. आपल्या प्राचीन शिल्पशास्त्रांत मूर्तीचें तालमान ठरलेलें असे, आयुधें ठरलेलीं असत, हातांच्या मुद्राही ठरलेल्या असत. तरी वेरूळचा रावण जेव्हां कैलास हालवितो तेव्हां तो कोणत्याही तालमानाच्या कोष्टकांतून आलेला वाटत नाहीं. बंधन हें निर्मितीचें वैरी नव्हे. ज्या बंधनांत एकही निर्णय विद्यार्थ्याकडे उरत नाहीं, तेंच बंधन घातक. शाळेच्या पुढल्या इतिहासांतही हेंच दिसतें. १९४७ सालीं प्रस्थापित रीतीविरुद्ध बंड करून जो प्रगतिशील कलावंतांचा संघ निघाला, त्यांत रझा व बाकरे यांसारखे याच शाळेंत शिकलेले तरुण होते. बंड करण्यापूर्वीं नेमून दिलेलें वर्गकाम त्यांनींही केलें होतें.

हा सर्व इतिहास आम्ही चित्रकारांसाठींच सांगितला असें वाचकांनीं समजूं नये. आज महाराष्ट्रांत क्वचितच एखादें सुशिक्षित घर असें असेल कीं, ज्यांतलें एकही मूल एलिमेंटरी वा इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेस बसलेलें नाहीं. स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द आईबापांच्याही तोंडीं आहेत. या परीक्षांच्या श्रेणीवर दहावींत वाढीव गुण मिळूं लागल्यापासून त्यांचें महत्त्व आणखी वाढलें आहे. आणि त्याबरोबर ठराविक स्मरणचित्रें पाठ करवून घेणारे वर्गही वाढले आहेत. स्मरणचित्राचा अर्थच असा कीं, मुलानें स्वतः पाहिलेलें आठवून काढावें. तेथें दुसऱ्याचें चित्र पाठ करून उतरविलें जातें. दुसरीकडे, शाळेंत सांगितलेला 'प्रकल्प' आदल्या रात्रीं आई-बाप करतात, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानांतून तयार आणतात. किल्ला थर्मोकोलचा, गुण मुलाचे, आणि निर्णय दुकानदाराचा! साउथ केन्झिंग्टनच्या पद्धतीला आपण नांवें ठेवतों. पण तींत निदान हात तरी विद्यार्थ्याचा होता.

याचा दोष एकट्या शाळांवर लादतां येणार नाहीं. शिक्षकाकडे साठ मुलें असतात व तपासावयास साठ कागद. अशा स्थितींत सारखें व स्वच्छ काम पाहून त्यास हायसें वाटतें, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. घराची गोष्ट तशी नाहीं. घरांत मूल एकच किंवा दोन, आणि प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाहीं. मुलानें वर्गांतून चित्र आणलें म्हणजे 'किती गुण पडले?' हा प्रश्न आपण विचारतोंच. त्याच्या जोडीस 'यांतलें तूं काय ठरविलेंस?' एवढा एक प्रश्न विचारून पाहावा. आकाश त्यानें पिवळें कां केलें, आजोबांना चित्राच्या कडेस कां बसविलें, याचें उत्तर त्याच्यापाशीं असतें. नसलें, तर दुसऱ्या खेपेस तें उत्तर असलें पाहिजे, एवढें त्याला कळतें. अजिंठ्याच्या भिंतीपुढें बसलेल्या मुंबईच्या मुलांना हा प्रश्न कोणीं विचारला असता, तर महाराष्ट्राच्या चित्रकलेचा इतिहास कदाचित् निराळा झाला असता.

आणि आणखी एक. ज्या जाळ्यांजवळून रोज लाखों माणसें जातात, त्या कोणाच्या हातच्या हें आज कोणास सांगतां येत नाहीं, कारण त्या वेळीं तें लिहून ठेवण्याजोगें कोणास वाटलें नाहीं. आपल्या घरांतील कागदांची तीच गत होऊं नये. वर्षअखेर चित्रांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूंत पडण्यापूर्वीं त्यांतलीं दोनचार चित्रें बाजूला काढावीं, मुलाच्याच हातानें पाठीमागें नांव, वर्ष व विषय लिहवून घ्यावा, आणि तीं जपून ठेवावीं.